‘फॅन बेल्ट’ हा शब्द आणि जड झालेलं स्टेअरिंग : पार्श्वभूमी

पावसाळ्यात सकाळी गाडी चालू केली की बॉनेटमधून कर्कश आवाज येतो. पार्किंगमधून काढताना स्टेअरिंग पूर्ण वळवलं की तो आणखी वाढतो. मालक कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजवर येतो आणि सांगतो, ‘फॅन बेल्ट टाका.’ निम्म्या चुकीच्या दुरुस्त्या इथूनच सुरू होतात.

कोल्हापूरला पट्टा मोटारीमुळे कळला नाही. हे ऑइल इंजिनांचं गाव. गुऱ्हाळावर इंजिनापासून चरकापर्यंत लांबलचक सपाट पट्टा असायचा. ओल्या हवेत तो घसरू लागला की इंजिनवाला राळेचा खडा चालत्या पट्ट्याच्या आतल्या अंगाला अलगद टेकवायचा. राळेचा वास काहिलीच्या वासात मिसळायचा आणि मंदावलेला चरक पुन्हा भरून चालायचा. लहानपणी मी हे कितीदा तरी पाहिलंय. तिथं ते योग्यच होतं, कारण सपाट पट्टा नुसत्या पकडीवर चालतो. मोटारीतला व्ही आकाराचा पट्टा मात्र पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंनी आवळून बसतो. तो घसरला तर ताण कमी झालाय, पट्टा झिजलाय किंवा पुढची पुली जड झालीय. तिथं राळ किंवा आजचा स्प्रे मारला तर आवाज चार दिवस बंद होतो आणि मूळ दोष तसाच राहतो. हल्लीच्या पट्ट्यावर तर त्या चिकटपणात धूळ बसून धारा, म्हणजे पट्ट्याच्या लांबीभर असलेल्या उंच कडा, लवकर झिजतात. माझ्या मते बेल्टवर स्प्रे मारणं ही दुरुस्ती नव्हेच.

आता ‘फॅन बेल्ट’ या शब्दाबद्दल. पद्मिनी आणि अँबॅसिडरच्या काळात तो अगदी खरा होता. एकच पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि वीज तयार करणारा डायनामो फिरवायचा. मध्यावर अंगठ्यानं दाबून अर्धा इंच लवला की ताण बरोबर. पट्टा तुटला तर चार्जिंगचा लाल दिवा लागायचा, तापमानाचा काटा वर चढायचा आणि गाडी कडेला घ्यावी लागायची. स्टेअरिंग मुळातच जड, त्याचा पट्ट्याशी काही संबंध नव्हता. 1983 च्या अखेरीस मारुती 800 आली. तिचा रेडिएटरचा पंखा विजेवर चालणारा. पंखा पट्ट्यावरून गेला, नाव मात्र राहिलं. डायनामो जाऊन अल्टरनेटर आला, तरी आमच्याकडचे जुने मिस्त्री आजही त्याला डायनामोच म्हणतात.

पुढे एसी आला, पॉवर स्टेअरिंग आलं, आणि पुष्कळ गाड्यांत दोन-तीन पट्टे झाले. काउंटरवर रोज तोच संवाद : ‘फॅन बेल्ट द्या.’ ‘मालक, कुठला? डायनामोचा, एसीचा का स्टेअरिंगचा?’ काहीजण तर व्हॉल्व्हची उघडझाप जुळवणारा टायमिंग बेल्टही त्यातच धरतात. तो इंजिनाच्या बाजूला झाकणाखाली असतो, कधी किंचाळत नाही, पण तुटला तर बऱ्याच इंजिनांचे व्हॉल्व्ह वाकतात. या दोन पट्ट्यांची गल्लत फार महाग पडते. म्हणून नाव सांगण्यापेक्षा जुन्या पट्ट्याच्या पाठीवरचा आकडा वाचावा. ‘6 पीके 1070’ म्हणजे सहा धारा आणि 1070 मिलिमीटर लांबी. आकडा पुसला असेल तर जुना पट्टाच दुकानात न्यावा.

ज्या काळात माझे हात काळे झाले तो सुमो, बोलेरो आणि इंडिकाचा. हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग, म्हणजे पट्ट्यावर फिरणाऱ्या पंपाच्या ऑइलच्या दाबानं हलकं होणारं स्टेअरिंग, अमेरिकेतल्या मोटारींत 1951 मध्येच आलं होतं, आपल्या गॅरेजांत ते नेहमीचं झालं नव्वदच्या दशकानंतर. त्यात आवाज ओळखणं हीच खरी विद्या. स्टेअरिंग टोकाला नेल्यावर किंचाळी आली तर पट्टा घसरतोय, कारण तिथं पंपावर सर्वांत जास्त भार येतो. घुमल्यासारखा आवाज येत असेल तर आधी ऑइलची पातळी बघावी. ऑइलच्या डबीत फेस दिसला की समजावं, पंपाकडे ऑइल ओढणाऱ्या सक्शनच्या पाइपमधून हवा शिरतेय. कुणी ब्रेक ऑइल ओतलं असेल तर सील फुगतात, मग पंप आणि रॅक (चाकं वळवणारा भाग) दोन्ही गळतात. गळलेलं ऑइल पट्ट्यावर पडतं, नवा पट्टाही महिन्यात जातो आणि शिव्या मात्र पट्ट्यालाच बसतात. गळती आधी बंद करावी, पट्टा नंतर टाकावा.

सगळं एकाच लांब, बहुधारी पट्ट्यावर चालवायची पद्धत अमेरिकेत 1979 च्या सुमारास सुरू झाली आणि इथंही रुळली. असा पट्टा तुटला की चार्जिंगचा दिवा लागतो आणि स्टेअरिंग त्याच क्षणी जड होतं. दोन्ही एकदम झालं तर पट्टा. दिवा न लागता नुसतं स्टेअरिंग जड झालं तर पंप, ऑइल किंवा रॅक. पट्ट्याचा आवाज कशामुळे येतोय ते कळण्यासाठी इंजिन चालू ठेवून, हात लांब ठेवून, धारांवर थोडं पाणी मारावं. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. वाढला तर ताण कमी आहे.

एक जुनी खूण मात्र आता फसवते. निओप्रीन या जुन्या कृत्रिम रबराच्या पट्ट्याला भेगा पडायच्या, त्या मोजून आम्ही पट्टा बदलायचो. 2000 च्या आसपासपासून ईपीडीएम रबर आलं. ते भेगाळण्याऐवजी टायरसारखं झिजतं. ‘भेग नाही, म्हणजे पट्टा चांगला’ हे अजूनही ऐकू येतं आणि तेव्हा मला राहवत नाही. धारांमधल्या चरा रुंद होऊन पट्टा पुलीत खोल बसला असेल तर तो वरून कितीही काळाभोर दिसो, गेलेलाच असतो.

2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर आणखी एक गोष्ट कळली. पंचगंगेचा गाळ टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) आणि आयडलर (पट्ट्याला नुसती वाट देणारी पुली) यांच्या बेअरिंगमध्ये बसला होता. लोकांनी पट्टे बदलले, आवाज तसाच. पट्टा उतरवून पुली हातानं फिरवली की खरखर बोटांना कळायची.

पुढे इलेक्ट्रिक स्टेअरिंग घरोघरी पोचलं. तिथं ऑइलही नाही आणि पंपही नाही. पण स्टेअरिंगला मदत करणाऱ्या मोटरला भरपूर करंट लागतो आणि तो येतो अल्टरनेटरकडून, म्हणजे पुन्हा पट्ट्यावरूनच. पट्टा तुटला तरी बॅटरी काही वेळ सांभाळून घेते, मग व्होल्टेज पडतं आणि मदत बंद होते. अशा गाडीत स्टेअरिंग जड झालं की आधी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावावा. साधारण 14 व्होल्ट दिसत असतील तर दोष स्टेअरिंगकडे शोधावा, बारावरच अडकलं असेल तर पट्टा आणि अल्टरनेटर बघावा.