पुण्यातून साप्ताहिक काढायचंय? नोंदणीचा अर्ज असा करा

वॉर्डातले प्रश्न, प्रायोगिक नाटकं, गाण्याच्या मैफली, नदीकाठची बांधकामं असा सगळा ऐवज घेऊन शहराचं स्वतंत्र साप्ताहिक काढायची इच्छा पुण्यात अनेकांना असते, आणि अशी साप्ताहिकं निघायलाच हवीत. मात्र पहिला अंक छापायला देण्याआधी नोंदणी करावी लागते, अंक फुकट वाटणार असलात तरी. बिगरनोंदणी छापल्यास ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

१८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हाही लागू असलेला १८६७ चा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ लागू झाला. आता शीर्षक आणि नोंदणी या दोन्हींसाठी प्रेस सेवा पोर्टलवर एकच ऑनलाइन अर्ज करायचा असतो. घोषणापत्रावर सही करायला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं राहायचं कारण उरलेलं नाही.

प्रकाशक म्हणून व्यक्ती, कंपनी, संस्था किंवा ट्रस्ट, कुणीही अर्ज करू शकतं. दहशतवादी वा बेकायदा कृत्याबद्दल, किंवा देशाच्या सुरक्षेविरुद्धच्या कृत्याबद्दल शिक्षा झालेली व्यक्ती अपात्र ठरते. संपादक भारतीय नागरिक आणि भारतात राहणारा हवा. पत्रकारितेच्या पदवीची अट नाही.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावावर. नियम नीट समजून घ्या: मराठीत तेच किंवा मिळतंजुळतं नाव देशात कुठेही नोंदलेलं असेल, तर ते मिळत नाही. शिवाय महाराष्ट्रात इतर कुठल्याही भाषेत ते असलं तरी नाही. म्हणजे बेळगावचं मराठी पाक्षिकही आड येतं आणि मुंबईचं इंग्रजी मासिकही. ‘पुणे’ला ‘वार्ता’ किंवा ‘समाचार’ जोडून केलेली नावं सहसा आधीच गेलेली असतात. म्हणून पोर्टलवर आधी शोध घ्या, पर्यायी नावं पसंतीक्रमाने तयार ठेवा, आणि मास्टहेडचं, म्हणजे पहिल्या पानावरच्या नावाच्या पट्टीचं, डिझाइन मंजुरीनंतरच करून घ्या.

कागदपत्रांत प्रकाशकाचं आधार, पॅन, फोटो, प्रकाशनाच्या जागेचा पुरावा, संपादकाची ओळखपत्रं आणि छापखान्याशी झालेला करार जमवून ठेवा. मालक संस्था असेल तर तिचं नोंदणीपत्र आणि प्रकाशकाला दिलेलं अधिकारपत्रही. नावाचं स्पेलिंग आणि पत्ता सगळीकडे अक्षरशः सारखा असू द्या. एका कागदावर ‘सदाशिव पेठ’ आणि दुसऱ्यावर नुसतं ‘पुणे ३०’ असेल, तर शंका काढली जाऊ शकते.

अर्जाची प्रत जिल्हा दंडाधिकारी किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते. अभिप्राय द्यायला त्यांना ६० दिवस असतात. ती मुदत उलटली तरी नोंदणी देणारे केंद्राचे अधिकारी, म्हणजे प्रेस महानिबंधक, निर्णय घेऊ शकतात. पण यात वेळ जातो, त्यामुळे दिवाळीला पहिला अंक हवा असेल तर अर्ज पावसाळ्याच्या सुरुवातीलाच टाका.

प्रमाणपत्र मिळाल्यावर प्रत्येक अंकावर मालक, प्रकाशक, मुद्रक, संपादक आणि छपाई-प्रकाशनाची ठिकाणं छापायची. दरवर्षी वार्षिक विवरणपत्र भरायचं. यातलं कुणी बदललं तर पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज करायचा. वर्गणीदारांना अंक सवलतीच्या टपाल दराने पाठवायचे असतील, तर त्यासाठी टपाल खात्याकडे वेगळी नोंदणी करावी लागते.