गाडी तापली की गप्प होणारी टिकटिक

इंदूरला डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरला की सकाळी काही गाड्या बॉनेटखालून टिकटिक करायला लागतात. सुदामा नगरातून निघून राजवाडा येईपर्यंत आवाज बंद. मालक म्हणतो, थंडीचं होतं, गेलं. गेलेलं काहीच नसतं. इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, आणि सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा पाइप, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, यांच्यामधलं गॅस्केट, म्हणजे मिस्त्रीच्या तोंडचं पॅकिंग, कुठेतरी फुटलेलं असतं. धातू तापून फुगला की फट मिटते, एवढंच.

टिकटिकीचा ठेका हिशोबात बसतो. चार स्ट्रोकचं इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांनी एकदा धूर सोडतो. म्हणजे मिनिटाला 400 वेळा, सेकंदाला सहा-सात वेळा. गळती एकाच सिलिंडरच्या तोंडाशी असेल तर तेवढेच टोले ऐकू येतात. पंचाईत अशी की टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबणारा भाग, तोही त्याच चालीवर वाजतो, म्हणून पुष्कळांचे पैसे आधी टॅपेटवर जातात. चढावर ॲक्सिलरेटर दाबून बघा. गळती असेल तर आवाज चांगलाच चढतो, कारण बाहेर पडणाऱ्या वायूचा दाब वाढलेला असतो. टॅपेटला भाराचं एवढं सोयरसुतक नसतं.

आता हे गॅस्केट फुटतं कशानं? पेट्रोल इंजिनातून पूर्ण भारावर निघणारा वायू 800-900 अंश सेल्सियसपर्यंत जातो, पण दोष नुसत्या उष्णतेचा नाही. समजा मॅनिफोल्ड बिडाचं आणि 40 सेंटीमीटर लांब आहे. ते 500 अंशांनी तापलं तर सुमारे दोन मिलिमीटर वाढतं. पलीकडचं ॲल्युमिनियमचं हेड तेवढ्याच तापमानाला दुप्पट फुगलं असतं, पण कूलंटमुळे ते शंभर अंशांच्या आसपासच राहतं, म्हणून त्याची वाढ एक मिलिमीटरही भरत नाही. एकमेकांना करकचून आवळलेले हे दोन भाग तापण्या-निवण्याच्या प्रत्येक फेरीत एकमेकांवर घासत सरकतात. मधल्या बोल्टाशी हालचाल जवळजवळ नसते, कडेच्या बोल्टांशी सर्वांत जास्त. पुष्कळ मॅनिफोल्डांना कडेची भोकं लांबट ठेवलेली असतात ती यासाठीच. आणि स्टड, म्हणजे हेडमध्ये रोवलेले बिनडोक्याचे बोल्ट, तुटायला लागले की बहुधा कडेचेच आधी तुटतात.

म्हणून पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राच्या 11.3 किलोमीटरच्या ट्रॅकवर तासभर सुसाट पळणाऱ्या गाडीपेक्षा, दिवसातून चारदा दूध-भाजीला जाऊन गार होणाऱ्या गाडीच्या गॅस्केटची मला जास्त काळजी वाटते. तापणं एक वेळ सोसतं, तापणं-निवणं सोसत नाही. हल्लीची गॅस्केटं स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्यांच्या थरांची असतात. पत्र्यावर दाबून काढलेला उंचवटा स्प्रिंगसारखा दबतो, उठतो आणि फट भरून काढतो. ग्राफाइटचीही मिळतात. जुन्या गाड्यांत ॲस्बेस्टॉसचं असू शकतं, ते सुकं खरवडायचं नाही. त्याची धूळ फुप्फुसांच्या कर्करोगाचं कारण ठरते.

गळतीतून धूर बाहेर येतो हे दिसतं; हवा आत जाते हे लक्षात येत नाही. दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपात दाब क्षणभर उतरतो आणि फटीतून बाहेरची हवा ओढली जाते. पुढे धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला वाटतं, इंधन कमी पडतंय. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, बिचारा इंधन वाढवतो. ॲव्हरेज पडतं, कधी चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि सेन्सर बदलूनही फरक पडत नाही.

मॅनिफोल्ड कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडे असतं, तेव्हा इथून सुटणारा वायू अजून शुद्ध झालेला नसतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक ओढीनं चिकटतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही. केबिनमध्ये धुराचा वास येत असेल किंवा गाडीत बसलं की डोकं दुखत असेल, तर काचा उघडा आणि गाडी थेट दाखवायला न्या.

घरी बघायचं ते गार इंजिनावर: जोडाशी काजळीचे काळे ओघळ आहेत का? सायलेन्सरची लटकती रबरं आणि इंजिन माउंटिंगही तपासून घ्या. ती गेली की सगळं वजन आणि हादरे जोडांवर येतात. भेरूघाट चढून आल्या आल्या तापलेल्या इंजिनावर पाण्याचा फवारा मारू देऊ नका, बीड तडकतं.

दुरुस्तीच्या वेळी खरी परीक्षा मिस्त्रीची. “भिया, नया पैकिंग डाल देता हूँ, आवाज बंद,” एवढ्यावर समाधान मानू नये. मॅनिफोल्डचा पृष्ठभाग वाकलेला असेल तर नवं गॅस्केटही काही महिन्यांत फुटेल; स्टीलची सरळ पट्टी आडवी ठेवून खालून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, सरकवली की वाक कळतो. सिलिकॉनची ट्यूब इथे बाद, कारण ती तीनशेच्या आसपास हात टेकते. जुनं गॅस्केट परत बसवायचं नाही. नट मधून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याला टॉर्क रेंचनं, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं, आवळायचे. आणि जुने नट उघडण्याआधी आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायला सांगा, कारण स्टड हेडमध्ये तुटला तर ड्रिल लावून काढावा लागतो आणि त्याची मजुरी गॅस्केटच्या किमतीच्या कितीतरी पट होते.