डिक्सी

डिक्सी : अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत देशभक्तिपर लोकगीत म्हणून रुजलेले आणि पुढे वंशविभाजनाच्या पाठीराख्यांनी आपलेसे केलेले गीत. १८ फेब्रुवारी १८६१ रोजी ॲलाबामातील मंटगमरी येथे फुटीर राज्यसंघाचे (गुलामगिरी टिकविण्यासाठी अमेरिकेतून फुटलेल्या दक्षिणी राज्यांच्या संघाचे) अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांच्या पदग्रहणाच्या वेळी ते वाजविण्यात आले आणि त्या संघाचे ते जवळजवळ राष्ट्रगीतच बनले.

गीताचा जन्म मात्र उत्तरेतला. ४ एप्रिल १८५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ब्रायंट्स मिन्स्ट्रल्स या मंडळीने ते रंगभूमीवर आणले. तोंडाला काळे फासून गोरे नट गुलामांची नक्कल करीत, त्या प्रकारातले हे गाणे. कर्ता म्हणून ओहायोतील डॅन एमेट यांचे नाव सामान्यतः घेतले जाते. तथापि त्यांच्या हयातीतच इतरांनीही कर्तृत्वावर हक्क सांगितला. एमेट यांच्या माउंट व्हर्नन गावाजवळ राहणाऱ्या स्नोडेन या काळ्या गायक-वादक कुटुंबाकडून ते त्यांना मिळाले, अशी स्थानिक परंपरा आहे. बेन व ल्यू स्नोडेन या भावांच्या थडग्यावरील शिळेवर ‘त्यांनी डॅन एमेटला डिक्सी शिकवले’ असे कोरले आहे. एमेट ओहायोत असताना हे भाऊ फारच लहान असावेत, हा त्यावरचा मुख्य आक्षेप. हॉवर्ड व ज्युडिथ सॅक्स या अभ्यासकांनी १९९३ मध्ये भावांऐवजी त्यांच्या आईवडिलांच्या पिढीकडे लक्ष वेधले. लेखी पुरावा एमेट यांच्या बाजूने झुकतो. पण काळ्या संगीतकारांचे ऋण नाकारणे कठीण आहे.

गीताचा निवेदक कापसाच्या मुलखात परतण्यासाठी झुरणारा काळा माणूस आहे. गुलामगिरीत सारे सुखात होते, या समजाला या कल्पनेने मोठे बळ दिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोऱ्या-काळ्यांना वेगळे ठेवणारे कायदे होत असताना फुटीर राज्यसंघाच्या माजी सैनिकांच्या मेळाव्यांत व स्मारकांच्या अनावरणांत ते गायले जाई. ज्यांना मतदानापासून व गोऱ्यांच्या शाळांपासून दूर ठेवले, त्यांच्याच तोंडी घातलेले हे गाणे होते, हे विसरता येत नाही.

१९५० नंतर नागरी हक्कांच्या चळवळीला विरोध करणाऱ्या जमावांनी ते वापरले. गोऱ्या-काळ्यांच्या शाळा एकत्र झाल्यावर संघर्ष शालेय वाद्यवृंदांत शिरला : टेनेसीत ते वाजविण्यास नकार देणाऱ्या काळ्या विद्यार्थ्याचे निलंबन १९७० मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने वैध ठरविले. मिसिसिपी विद्यापीठाच्या वाद्यवृंदाने ते २०१६ मध्ये बंद केले.