कमी मटेरियलचं डिझाइन वेगळं, बांधायला सोपं डिझाइन वेगळं

सिमेंट-स्टील कमी लागलं की खर्च कमी, हे सगळ्यांनाच कळतं, त्यावर लिहीत बसत नाही. पण "डिझाइन इकॉनॉमिकल आहे" म्हणजे "साइटवर पटापट उभं राहील" असं सर्रास धरून चालतात ना, ते ऐकून ऐकून आता खरंच वैताग आलाय.

एक कॉलम घ्या, 300 बाय 600 मिमीचा, उंची 3 मीटर. गणितात 300 बाय 450 पुरतोय म्हणून डिझायनरने तो कमी केला, वाचलं किती तर 0.135 घनमीटर काँक्रीट. असे 10 कॉलम कमी केले तरी 1.35 घनमीटर, म्हणजे 6 घनमीटरच्या ट्रान्झिट मिक्सरचा (काँक्रीट आणणाऱ्या ट्रकचा) पाव भागही नाही. आता साइटवर बघा काय होतं, शटरिंगची (काँक्रीट ओतायच्या साच्याची) प्लाय कापा, उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांचं माप बदललं, सळया वाकवून बांधणारा बारबेंडर दर कॉलमला ड्रॉइंग उघडून बघणार, एखादी रिंग चुकीची पडली की सोडवून परत बांधणार, आणि कॉलम आखडला म्हणून त्याला येऊन मिळणाऱ्या बीमचं शटरिंगही अपुरं पडणार. कापलेली प्लाय पुन्हा मोठ्या कॉलमला चालत नाही ती नाहीच. हा खर्च मटेरियलच्या बिलात दिसत नाही, मजुरीत आणि दिवसांत जातो, म्हणून कोणी मोजतच नाही! मी तर कॉलमचे दोन-तीनच साइझ ठरवीन, ते शक्य तितके वरपर्यंत तसेच नेईन, आणि भार कमी होईल तसं स्टीलचं प्रमाण आणि काँक्रीटचा ग्रेड (ताकदीची प्रत) उतरवीन.

साइझ अगदी बारीक करून सळया कोंबल्या तर काँक्रीट हलवून बसवणारी व्हायब्रेटरची नीडल आत जात नाही आणि हनीकोंब होतं, म्हणजे काँक्रीटमध्ये पोकळ्या राहतात, ते वेगळंच.

"मग कंत्राटदाराने नीट प्लॅनिंग करावं" हेही नेहमीचं. अहो, नऊ साइझ ड्रॉइंगमध्येच असतील तर तो काय करणार? सिंगापूरने 2001 मध्ये बांधायला किती सोपं याचा किमान स्कोअर कायद्याने मागितला तो डिझाइनला, कंत्राटदाराच्या पद्धतींचा स्कोअर त्यानंतर वेगळा आला.

आणि सोपं म्हणजे ठोकळा, असं कृपया म्हणू नका. सिडनी ऑपेरा हाऊसची ती शिडांसारखी छतं सुमारे 75 मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून काढली, म्हणून त्यांच्या फासळ्या त्याच त्या साच्यांत ओतता आल्या.