शेंड्यावरचा डबा: जिओकॅशिंग झाडावर कसं चढलं

जीपीएस तुम्हाला झाडाच्या बुंध्यापाशी आणून सोडतं आणि तिथं त्याचं काम संपतं. पडद्यावर अंतर शून्य दिसतं. मुळांच्या खाचा तपासून होतात, सालीच्या भेगांत बोटं घालून होतात, जवळचे दगड उचलून पुन्हा होते तसे ठेवून होतात. काहीच सापडत नाही. मग कधीतरी मान वर जाते. पानांच्या दाटीत, वीसेक मीटरवर, दोन फांद्यांच्या बेचक्यात एक लहानशी नळी लटकत असते. आत गुंडाळलेली कागदाची पट्टी, तिच्यावर आधी येऊन गेलेल्यांची नावं. आपलं नाव तिथं लिहायचं असेल तर वर चढण्यावाचून गत्यंतर नाही.

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा अक्षांश-रेखांशावरून शोधून काढायचा खेळ. (इथल्या ‘कॅश’चा रोकडीशी काही संबंध नाही; शोधमोहिमांवर निघालेले लोक परतीच्या वाटेसाठी शिधा लपवून ठेवत, त्या साठ्याला हा शब्द होता.) आज जगभरात असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत. बहुतेक जमिनीवर किंवा हाताच्या टप्प्यात असतात. त्यातले थोडे दोराशिवाय पोचताच येणार नाही इतक्या उंचीवर, झाडांत असतात. हा लेख त्यांच्याविषयी आहे. माझ्या मते या खेळाचा सगळ्यात विचार करायला लावणारा भाग हाच आहे, कारण उपग्रहाच्या अचूकतेतून जन्मलेला खेळ इथं उपग्रहाचा काहीच उपयोग नसलेल्या जागी जाऊन पोचला.

अचूकतेचा तो दिवस नेमका सांगता येतो. जीपीएसचा पहिला उपग्रह 1978 मध्ये सोडला गेला. यंत्रणा अमेरिकी लष्कराची होती, आणि नागरी वापराचा संकेत मुद्दाम बिघडवून दिला जाई. त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्रात शंभर मीटरपर्यंतची चूक राहायची. जहाजाला तेवढं चालतं, जंगलात डबा शोधणाऱ्याला नाही. शंभर मीटर त्रिज्येच्या रानात मुठीएवढी वस्तू शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशावरून हा मुद्दामचा बिघाड 2 मे 2000 रोजी बंद झाला. जगातल्या सगळ्या जीपीएस यंत्रांची अचूकता एका रात्रीत साधारण दहापट सुधारली. कुणाला नवं यंत्र घ्यावं लागलं नाही.

दुसऱ्याच दिवशी, 3 मे रोजी, ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळच्या रानात डेव्ह उल्मर यांनी एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरच्या एका चर्चागटात जाहीर केले. बादलीत पुस्तकं होती, सॉफ्टवेअर होतं, थोडे पैसे होते, घेवड्याच्या दाण्यांचा एक सीलबंद डबा होता आणि एक गलोल होती. ही गलोल लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे. नियम एवढाच: काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा. तीन दिवसांत दोघांनी ती बादली शोधली. त्यातले पहिले, माइक टीग, यांनी अशा लपवलेल्या जागांची यादी करायला सुरुवात केली. ‘जिओकॅशिंग’ हे नाव मॅट स्टम यांनी महिनाअखेरीस सुचवलं, आणि 2 सप्टेंबर 2000 रोजी जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केलं. त्या दिवशी जगातल्या डब्यांची संख्या 75 होती.

लपवलेली वस्तू शोधून तिथं नोंद करण्याची हौस अर्थात त्याहून फार जुनी आहे. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर 1854 मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली. तिथवर चालत येणाऱ्याने आपलं कार्ड तीत टाकायचं. तिथून ‘लेटरबॉक्सिंग’ सुरू झालं आणि ते आजही चालू आहे. पण तिथं चालण्याचीच परीक्षा होती, वर चढायचा विचार त्यात नव्हता.

झाड खेळात आलं ते काठिण्याच्या मापामुळे. प्रत्येक डब्याला दोन अंक दिले जातात: शोधायला किती अवघड आणि तिथं पोचायला किती अवघड. दोन्ही एक ते पाच, अर्ध्या-अर्ध्या टप्प्यांनी. म्हणजे नऊ गुणिले नऊ, एकूण 81 जोड्या. पोचण्याच्या मापातला पाच हा अंक विशेष साधनाशिवाय जाता येणार नाही अशा जागांसाठी राखलेला आहे: होडी, पाणबुड्याचा पोशाख, दोर. रिचर्ड गॅरियट यांनी 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात नोंदवलेला डबाही याच पाचात मोडतो, आणि गावाबाहेरच्या ओकच्या शेंड्याला टांगलेली नळीसुद्धा. कागदावर दोन्ही सारखेच. खेळणाऱ्यांच्या तोंडी हे ‘टी-फाइव्ह’. बऱ्याच जणांना सगळ्या 81 जोड्या पुऱ्या करायच्या असतात, आणि पाचाच्या रकान्यात येऊन त्यांची गाडी अडते. होडी सगळीकडे चालत नाही. झाड मात्र जवळपास सगळीकडे असतं.

पण मला त्याहून महत्त्वाचं कारण वेगळं वाटतं. डब्याचा पत्ता दोनच आकड्यांत दिला जातो, अक्षांश आणि रेखांश. ते अंश आणि मिनिटांत लिहितात, मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत. अक्षांशात तो हजारावा भाग म्हणजे जमिनीवरचे 1.85 मीटर. इतक्या बारीक मापाने जागा सांगितल्यावर सपाटीवर शोधायला उरतं किती? दोन-चार पावलांचा घेर. लपवणाऱ्याला अवघड काही करायचं तर पत्त्यात नसलेली दिशाच वापरावी लागते, आणि ती उंचीची. शिवाय जीपीएसचं उंचीचं गणित आडव्या गणितापेक्षा कच्चं असतं, आणि दाट पानांखाली संकेत क्षीण होतो, आपटून वाकडातिकडा येतो. म्हणून यंत्र नेमकं झाडाखालीच लंगडं पडतं. तिथून पुढं डोळे आणि हातपाय.

हातपाय म्हटलं तरी नुसत्या चढाईने भागत नाही. जंगलातल्या मोठ्या झाडाची पहिली फांदी दहा-बारा मीटरवर असू शकते आणि बुंधा कवेत मावत नाही. लागणारं तंत्र दुसऱ्यांनी आधीच घडवून ठेवलं होतं, जिओकॅशरांनी ते उचललं. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी 1931 मध्ये मांडलेली गाठ मोकळी असताना दोरावर वर सरकते आणि वजन पडताच आवळते. तेच काम लोखंडी दातांनी करणारा जुमार स्वित्झर्लंडमधल्या युसी आणि मार्टी यांनी 1958 च्या सुमारास बनवला. नावही दोघांच्या आडनावांतून आलं. गुहांत उतरणाऱ्यांनी एकेरी दोरावर चढण्याची पद्धत घासूनपुसून पक्की केली. फांद्या छाटणाऱ्या व्यावसायिकांची वाट वेगळी: दोर फांदीवरून फिरवून दुहेरी घ्यायचा आणि घर्षणाच्या गाठीने स्वतःला वर ओढत न्यायचं.

वनशास्त्रज्ञही याच रस्त्याने गेले. डोनाल्ड पेरी यांनी 1970 च्या दशकात कोस्टा रिकाच्या जंगलात आडव्या धनुष्याने दोरी फांदीवर टाकून वर जायला सुरुवात केली. मेग लोमन 1979 मध्ये ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा वर गेल्या तेव्हा त्यांचा हार्नेस (कमरेला नि मांड्यांना बांधून दोराला अडकवायचा पट्टा) गाडीच्या सीटबेल्टच्या पट्ट्यांतून शिवलेला होता, आणि दोरी वर टाकायला घरी जोडलेली गलोल होती. त्याआधी पानांच्या छतात काय चालतं ते शास्त्राला बहुतांशी खालून मान वर करूनच पाहावं लागे. निव्वळ आनंदासाठी दोराने झाडावर चढण्याला संघटित रूप मिळालं ते 1983 मध्ये, पीटर जेन्किन्स यांनी अटलांटात ‘ट्री क्लाइंबर्स इंटरनॅशनल’ सुरू केली तेव्हा. म्हणजे उल्मर यांची बादली पुरली जायच्या सतरा वर्षं आधी लागणारं सगळं तयार होतं. कमी होतं ते वर जाण्याचं एक निमित्त.

प्रत्यक्ष काम सुरू होतं ते एका पिशवीपासून. मुठीत मावणारी, छर्रे भरलेली, पाव ते अर्धा किलोच्या आतली ही पिशवी. तिला दोनेक मिलिमीटर जाडीची गुळगुळीत दोरी. पायात दोरी अडकू नये म्हणून ती घडीच्या चौकोनी पेटीत सैल सोडलेली असते. दहा-पंधरा मीटरपर्यंत पिशवी हाताने, दोन पायांमधून झोका देऊन टाकतात. त्यापुढे मोठी गलोल: अडीच मीटरच्या काठीच्या टोकाला बसवलेली, रबर जमिनीपर्यंत ओढून सोडायची. (उल्मर यांच्या बादलीतली गलोल ती हीच, फक्त वाढून माणसाहून उंच झालेली.) पिशवी सुसाट जाते, हव्या त्या फांदीच्या वरून जाते, आणि भलत्याच फांदीला दोन वेढे घेऊन अडकते. ओढायचं, सोडायचं, झटका द्यायचा, पुन्हा टाकायचं. नेमक्या बेचक्यात दोरी बसायला कधी दोन मिनिटं लागतात, कधी अख्खी दुपार जाते, आणि वर चढायला त्याच्या चौथाई वेळ पुरतो. पिशवी खाली आली की पातळ दोरीला चढाईचा जाड दोर बांधून ओढून घ्यायचा. मग दोघांनी मिळून दोराला लटकून फांदी तपासायची. एकट्याचं वजन पेलण्याआधी तिनं दोघांचं पेललं पाहिजे. ही पायरी गाळणाऱ्याबरोबर मी झाडाखालीही उभा राहणार नाही.

या प्रकाराने सगळ्यात खोल मुळं धरली ती जर्मनीत. अमेरिकेखालोखाल डब्यांच्या मोठ्या संख्येचा हा देश. जंगलं गावाला लागून, आणि फांद्या छाटणाऱ्यांसाठी दोरचढाईचं रीतसर शिक्षण. हौशी खेळाडू तेच शिकू लागले. तिथंच आणखी एक पोटजात रुजली: गळाच्या डब्यांची. डबा उंच टांगलेला, पण तो लांब सरकत्या काठीने, मासे पकडावेत तसा खाली काढायचा आणि तसाच परत अडकवायचा. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांची ही सोय. मात्र चढाईसाठी लपवलेला डबा काठीने काढला की लपवणारा दुखावतो, आणि मला तो बरोबर वाटतो. त्यानं वरचं दृश्य दाखवायला बोलावलं होतं, नुसती नळी द्यायला नव्हे.

दुसरा वाद सहीचा. खेळाचा मूळ नियम सरळ आहे: वहीत नाव असेल तरच डबा सापडला असं धरायचं. पण एक जण वर गेला, खाली पाच जण थांबले, वरच्यानं सहा नावं लिहिली, तर? नाव वहीत आहे, त्यामुळे नियम मोडलेला नाही. तरी मनगट भरून आलेल्या माणसाला ती पाच नावं टोचतात. काही गट मधला मार्ग काढतात: एकानं दोर लावायचा, पण सही हवी असेल त्या प्रत्येकानं स्वतः वर जायचं. वेळ लागतो, अंधार पडतो, पण कुणाच्या मनात किल्मिष राहत नाही.

आणि ज्याच्या खांद्यावर हे सगळं चालतं ते झाड? अमेरिकी वनसेवेतले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं कापून आतल्या जखमा अभ्यासल्या आणि 1970 च्या दशकात दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड जखमी भागाभोवती भिंत उभारतं, तो भाग आत कायमचा राहतो आणि नवं लाकूड त्याच्या बाहेरून वाढतं. म्हणजे मारलेला प्रत्येक खिळा झाडाच्या आत त्याच्या मरणापर्यंत राहतो. खेळाचे नियम खिळे आणि छिद्रं नाकारतात ते याचसाठी. बुटाला लावायचे लोखंडी काटे छाटणारे लोकही फक्त तोडायच्या झाडावर वापरतात. दोराचीही झळ लागते: वजनासकट घासणारा दोर पातळ सालीखालचा जिवंत थर जाळतो. म्हणून जाणकार फांदीवर आधी दोन कड्यांचा पट्टा चढवतात आणि दोर त्या कड्यांतून घेतात. ढोली तर सोडूनच द्यावी. तिच्यात घुबडाचं घरटं असू शकतं किंवा वटवाघळं झोपलेली असू शकतात. काही डब्यांवर ठरावीक महिन्यांत येऊ नका अशी खूण असते, ती पाळली नाही तर पिल्लं सोडून पक्षी निघून जाऊ शकतो.

झाडाची उंची शेंड्याशी वाढते, फांदी मात्र जिथं फुटली तिथंच राहते. अठरा मीटरवर टांगलेला डबा वीस वर्षांनीही अठरा मीटरवरच असतो. बदलते ती फांदीची जाडी. आज सैल असलेला दोरीचा फास चार-पाच वर्षांत सालीत रुततो. लपवणाऱ्याला म्हणून अधूनमधून वर जाऊन फास मोकळा करावा लागतो, ओली झालेली पट्टी बदलावी लागते. 2000 च्या दशकात ज्यांनी हे डबे टांगले त्यांतले काही आता चढत नाहीत, काहींनी खेळ सोडला. यादीतून डबा काढायला एक कळ पुरते, झाडावरून काढायला दोर लागतो. यादीतून गेलेले असे डबे उतरवण्यासाठी मुद्दाम झाडावर जाणारे दोरचढाईवाले आहेत. त्यांच्या नावावर नवा शोध जमा होत नाही. ते वर जातात, रुतलेला फास साल न दुखवता कापतात, नळी खिशात घालतात, पट्टा आणि दोर खाली ओढून घेतात, आणि जमतंय तिथं पट्टीवरच्या नावांचा फोटो लपवणाऱ्याला पाठवून देतात.