वर्गणी आणि देणगी: उरलेले पैसे कुणाचे?

जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत सांगलीतल्या एकाच दारावर दोन टोळ्या येतात. एक गल्लीतल्या गणेश मंडळाची, दुसरी कॉलेजच्या पोरांची. कृष्णेला पाणी आलं असेल तर पूरग्रस्तांसाठी, नसेल तर एखाद्या वसतिगृहासाठी, वाडीवरच्या शाळेसाठी किंवा कुणाच्या तरी ऑपरेशनसाठी. दोघांच्या हातात पावतीपुस्तक असतं आणि दोघंही दारात उभं राहून एकच वाक्य म्हणतात, "काका, वर्गणी."

ते वाक्य ऐकलं की मला थांबवून सांगावंसं वाटतं, की बाळांनो, तुम्ही मागताय ती वर्गणी नाही, देणगी आहे. शब्द चुकला की पुढचा हिशोबही चुकतो. मी स्वतः कॉलेजात असताना तो चुकवलेला आहे, म्हणून एवढ्या कळकळीने लिहितोय.

वर्गणी म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. गल्लीचा गणपती, सोसायटीच्या टाकीची सफाई, मित्रांची महाबळेश्वरची सहल, मासिकाची वार्षिक वर्गणी. खर्च सगळ्यांचा, वाटून घेतलेला. जो देतो त्याचाही त्यात वाटा असतो: आरतीला तो उभा राहतो, प्रसाद खातो, मासिक त्याच्या घरी येतं. देणगी देणाऱ्याला असं काही मिळायचं नसतं. पैसे तिसऱ्याच माणसासाठी असतात आणि मध्ये उभा असलेला पावतीवाला ते फक्त पोचवणार असतो.

फरक विचारला तर लोक सहसा तीन उत्तरं देतात. छोटी रक्कम ती वर्गणी आणि मोठी ती देणगी, हे पहिलं. ते साफ चूक आहे. मंडईतल्या बाईने पूरग्रस्तांसाठी दिलेले दहा रुपये देणगीच असते आणि व्यापाऱ्याने स्वतःच्या मंडळाला दिलेले अकरा हजार त्याची वर्गणी असू शकते. देवाधर्माची ती वर्गणी, हेही खरं नाही, कारण वाचनालयाचीही वर्गणीच असते. तिसरं म्हणजे वर्गणी सक्तीची आणि देणगी मनाची. सक्ती दोन्हींत वाईट, एवढंच त्यावर म्हणेन.

वाचनालयाचं उदाहरण मला फार नेमकं वाटतं. सांगलीच्या नगर वाचनालयात २०१९ च्या महापुराचं पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजली. तिथला सभासद दर महिन्याला भरतो ती वर्गणी, बदल्यात तो पुस्तक घरी नेतो. पुण्यातल्या एखाद्या माणसाने त्या भिजलेल्या पुस्तकांच्या जागी नवी घ्यायला पैसे पाठवले, तर ती देणगी. संस्था एक, कपाटही कदाचित एकच, पण त्या दोन पैशांना वेगवेगळं वागवावं लागतं. सभासदांच्या वर्गणीतून वाचनालयाने पंखा घेतला तर कुणी हरकत घेणार नाही. पुस्तकांसाठी आलेल्या देणगीतून पंखा घेतला, तर तो पैसे पाठवणाऱ्याचा विश्वासघात आहे.

माणसं खरी अडखळतात ती शिलकीपाशी. पैसे मागताना सगळ्यांचं नीट चाललेलं असतं, वाटप होईपर्यंतही ठीक असतं. काम संपल्यावर पिशवीच्या तळाशी जे राहतं, ते कुणाचं?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. मारुती चौक, हरभट रोड पाण्यात, आणि आम्ही चौदा जण विश्रामबागेतल्या कोरड्या बाजूला. पाणी उतरायला लागल्यावर आम्ही पलूस तालुक्यातल्या एका गावासाठी पैसे गोळा केले. विश्रामबाग आणि मिरज मिळून पाच दिवसांत ६०,२०० रुपये जमले. गावातून ४१ घरांची यादी आली होती. प्रत्येक घराला भांड्यांचा एक संच: दोन पातेली, कढई, तवा, कळशी, चार ताटं, चार वाट्या, पेले, पळी, उलथनं. एका संचाला १,४०० रुपये पडले. यादी संपली आणि २,८०० रुपये उरले.

गणपती २ सप्टेंबरला होते. पुरामुळे त्या वर्षी कुणाकडे मोठी वर्गणी मागायला तोंड नव्हतं आणि आमच्यातल्या दोघांच्या मंडळाला मांडवाचे पैसे कमी पडत होते. कुणीतरी म्हणालं, मंडळ तरी कुणाचं, समाजाचंच ना? आम्ही मान डोलावली. एकाही माणसाने "थांबा" म्हटलं नाही, मीही नाही. २,८०० रुपये मंडळाला दिले आणि रीतसर पावतीही घेतली.

मंडईत भाजी विकणाऱ्या एका मावशींनी आम्हाला दहा रुपये दिले होते. देताना विचारलं होतं, "कुणासाठी हाय रं पोरांनो?" आम्ही गावाचं नाव सांगितलं होतं. विसर्जनानंतर मी भाजीला गेलो तर त्यांनी सहज चौकशी केली, भांडी पोचली का, पैसे पुरले का. पुरून उरले, उरलेले गणपतीला दिले, असं मी अभिमानानेच सांगितलं. त्या मेथीच्या जुड्या बांधत होत्या. हात थांबला. म्हणाल्या, "गणपतीला मी देती की दरसाल. ते पुराचं हुतं."

यापेक्षा नेमका फरक मला आजवर कुणी सांगितलेला नाही. वर्गणीतली शिल्लक गटाची असते, कारण देणारेच गट असतात. मंडळाच्या वर्गणीतून उरलेले पैसे पुढच्या वर्षीच्या मांडवाला ठेवा, ढोल घ्या, सभासदांची बैठक बोलावून ठरवा, ते तुमचंच आहे. देणगीतली शिल्लक गोळा करणाऱ्याची कधीच होत नाही. ज्या कामाचं नाव सांगून ती मागितली, त्याच कामाला ती बांधलेली असते. काम संपलंच असेल तर देणाऱ्याला विचारून वळवायची, नाहीतर परत करायची. दुसरं काम कितीही चांगलं असलं तरी स्वतःच्या मनाने वळवायची नाही. "चांगल्याच कामाला दिले ना" हा युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही. चांगलं कुठलं हे ठरवायचा हक्क आम्हाला कुणी दिलाच नव्हता.

नंतर कळलं, की त्याच गावातली दोन घरं यादीत आलीच नव्हती. पूर आला तेव्हा ती माणसं लेकीकडे गेली होती. दोन संच, २,८०० रुपये. आम्ही चौदा जणांनी माणशी दोनशे काढले आणि ते संच नेऊन दिले. आमची चूक आम्ही वाटून घेतली, त्यामुळे ती आमची खरीखुरी वर्गणी होती.

शिल्लकीचा हा नियम उलट्या बाजूनेही लागतो, म्हणजे खर्चाला. मंडळाच्या वर्गणीतून कार्यकर्त्यांचा चहा, वडापाव, टी-शर्ट निघाले तर ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं, ती रीतच आहे. देणगीतून स्वयंसेवकांचे टी-शर्ट शिवले, की तेवढी भांडी कमी झाली. टेम्पोचं डिझेल त्यातून घ्यावं का, यावर दोन मतं असू शकतात. सामान पोचवणं हा कामाचाच भाग आहे, तेव्हा मी घेऊ देईन, पण मागतानाच तसं सांगायचं आणि हिशोबात वेगळ्या ओळीत लिहायचं. चहा मात्र आपल्या खिशातून. आणि फ्लेक्स तर नकोच! मदत घेणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यापेक्षा देणाऱ्या पोरांचे चेहरे मोठे छापलेले फलक मी चौकाचौकांत पाहिले आहेत. तो खर्च देणगीत बसत नाही आणि वर्गणीतही बसू नये.

क्यूआर कोडचंही तेच. कुणातरी एका मुलाच्या स्वतःच्या खात्याचा कोड छापून तो गटागटांत फिरवला जातो. त्याच खात्यातून त्याच्या मेसचे पैसे कापले जातात, घरून आलेले जमा होतात, मोबाईलचं रिचार्ज होतं. मुलगा सज्जन असतो, पण आठ दिवसांनी त्यातले पुराचे किती आणि त्याचे किती हे त्यालाच सांगता येत नाही. मित्रांच्या सहलीची वर्गणी अशा खात्यात चालते. देणगीला कॉलेजचं किंवा नोंदणी झालेल्या संस्थेचं खातंच हवं. डबा फिरवायचा असेल तर तोंडाला कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर दोघांच्या सह्या घ्या आणि डबा शिक्षकांसमोर फोडा.

कायदा या बाबतीत फरक करत नाही, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. नोंदणीकृत न्यास (ट्रस्ट) नसलेल्या कुणीही धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधलं कलम ४१ क लागू होतं. धर्मादाय कार्यालयाची परवानगी आणि नंतर हिशोब. मंडळांना हे दरवर्षी करून पाठ झालेलं असतं, कॉलेजच्या गटांना मात्र ते आपल्यालाही लागू आहे हेच माहीत नसतं. करसवलतीचा गोंधळ त्याहून सोपा आहे: तुमच्या पावतीवर कुणालाही सवलत मिळत नाही. ती आयकर खात्याची देणगी-सवलतीची मान्यता (जिला लोक ८०जी म्हणतात) असलेल्या संस्थेच्या किंवा मुख्यमंत्री सहायता निधीसारख्या निधीच्या पावतीवर मिळू शकते. तिथेही २,००० रुपयांच्या वरची रोख आणि तांदूळ-चादरींसारख्या वस्तू यांना सवलत नाही. दारात उभं राहून "काका, टॅक्सला चालेल" असं सांगू नका.

काही ठिकाणी दोन्ही एकत्र येतात, तिथे जरा थांबून बघावं लागतं. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर घ्या. जेवणात कमी पडलं म्हणून मुलांनी आपापसात शंभर-शंभर काढले तर ती वर्गणी, उरलेल्यातून शेवटच्या दिवशी जिलेबी आणली तरी चालेल. गावातल्या शेतकऱ्याने मुलांसाठी ज्वारीचं पोतं दिलं तर ती देणगी. उरलेली ज्वारी गाडीत घालून कॉलेजला आणायची नाही. श्रमदान या शब्दातही हे दोन अर्थ दडलेले आहेत. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूच्या लोकांनी २०१६ च्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. ते आपल्याच शिवारात खणत होते, पाणी त्यांच्याच विहिरींना येणार होतं. शब्द दान असला तरी ती श्रमाची वर्गणी होती. अशा गावी शहरातून एक दिवस खणायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे श्रम मात्र देणगी असतात, आणि बंधारा कुठे घालायचा यात त्या विद्यार्थ्यांनी मत देऊ नये.

सातारकरांना मुष्टिफंड आठवेल. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शिक्षणकार्यासाठी घराघरांत मूठभर धान्य बाजूला काढलं जायचं. त्यात स्वतःच्या गावच्या मुलांसाठी दिलेली मूठ होती आणि कधीही न पाहिलेल्या मुलांसाठी दिलेलीही होती. तिला वर्गणी म्हणावं की देणगी, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

आता मुलं माझ्याकडे पावतीपुस्तकाचा मजकूर दाखवायला आणतात तेव्हा मी "ऐच्छिक वर्गणी" वर आधी काट मारतो. त्या जागी "देणगी" लिहितो, खाली कामाचं आणि गावाचं नाव, आणि त्याखाली एक ओळ वाढवून देतो: "शिल्लक राहिल्यास ती याच गावातील याच कामासाठी वापरली जाईल, तसे शक्य नसल्यास आपणांस विचारले जाईल." विचारायचं म्हणजे देणाऱ्याचा फोन नंबर लागणार, म्हणून आपल्याकडे राहणाऱ्या स्थळप्रतीवर त्याचा एक रकाना. मंडईत पुष्कळांना नंबर द्यायचा नसतो, त्यांच्यासाठी हिशोबाचा कागद त्याच मंडईच्या दारात लावायचा, मोठ्या अक्षरांत, भाजी तोलता तोलता वाचता येईल असा.