ताण, आवळलेले खांदे आणि स्वतःच स्वतःला केलेलं संमोहन

नाशिकच्या द्वारका सर्कलला संध्याकाळी साडेसहा-सातला अडकलेल्या कुठल्याही टूव्हीलरवाल्याचे खांदे बघा, कानाला टेकायचेच बाकी असतात. पुढचा ट्रक हलत नाहीये, पळून जायला जागा नाही, भांडायला समोर कोणी नाही, तरी मान ताठ, दात आवळलेले, हँडलवरची पकड विनाकारण घट्ट. त्याला विचारा, काय हो टेन्शन आलंय का, तर म्हणेल छे, रोजचंच आहे. आणि गोची तिथेच आहे, रोजचंच झालंय म्हणून कळतच नाही.

हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने १९१५ च्या सुमारास 'लढा नाहीतर पळा' ही शरीराची प्रतिक्रिया मांडली. धोका दिसला की अ‍ॅड्रिनलिन नावाचं हार्मोन काही सेकंदांत रक्तात, ठोके वाढतात, श्वास छातीतून वरवर चालू होतो, स्नायू आवळले जातात, पचन थांबतं. त्याच्या मागून कॉर्टिसोल हे दुसरं हार्मोन येतं, ते जरा सावकाश, वीस-तीस मिनिटांनी शिगेला पोचतं. १९३६ साली कॅनडात हान्स सेल्येने उंदरांवर प्रयोग केले तेव्हा त्याला दिसलं की थंडी असो, इजा असो की अतिश्रम, कारण वेगळं असलं तरी शरीरातले बदल सारखेच, अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुजलेल्या आणि पोटात अल्सर. म्हणजे शरीराला कारणाशी घेणंदेणं नाही. दिंडोरी-निफाडकडचा द्राक्षवाला फेब्रुवारीत बागेत माल तयार असताना रात्री दीड वाजता मोबाईलवर ढग बघत बसतो, तिथे ना लढता येतं ना पळता येतं, पण आतली यंत्रणा मात्र पूर्ण चालू. आणि अवकाळी आला नाही तरी ती लगेच बंद होत नाही.

आता ही यंत्रणा बंद कशी करायची? 'शांत हो' म्हणून होत नाही, हे घरात कोणालाही म्हणून बघा, उलट भडका उडतो. ठोके, रक्तदाब, हार्मोन यांच्यावर आपली थेट सत्ता नाही. पण दोन गोष्टींवर आहे, स्नायू आणि श्वास, आणि आत शिरायचं ते त्याच दारांनी.

स्नायूंचं दार उघडलं एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने. १९२९ साली त्याने प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशनची पद्धत मांडली. त्याची मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे त्याने स्नायूंमधली अगदी बारीक वीज मोजली आणि दाखवून दिलं की आडवा पडून 'मी आराम करतोय' म्हणणाऱ्या माणसाचे स्नायूही बऱ्याचदा थोडे आवळलेलेच असतात. म्हणजे सोफ्यावर पडून रील बघणं म्हणजे विश्रांती असं जे आपण धरून चालतो त्याला फारसा अर्थ नाही. ढिलं सोडणं शिकावं लागतं, आणि त्यासाठी आधी ताण कुठे आहे ते ओळखता यायला लागतं.

वाचता वाचता करून बघा. उजव्या हाताची मूठ आवळा, पूर्ण ताकदीने नको, सत्तर टक्के धरा, पाच-सात सेकंद. लक्ष मुठीत नको, कोपराच्या खाली जो स्नायू टणक झालाय तिथे ठेवा. मग एकदम सोडा, हळूहळू नाही, झटक्यात. आणि पुढचे वीस-तीस सेकंद काहीच करू नका, फक्त त्या हातात काय चाललंय ते बघत बसा. थोडं गरम वाटेल, बोटांत मुंग्यांसारखं काहीतरी होईल, हात मांडीवर जरा जास्त जड पडल्यासारखा वाटेल. डाव्या हाताशी ताडून बघा, फरक कळेल. बरेच जण आवळण्याचा भाग मन लावून करतात आणि सोडल्यानंतरचे सेकंद घाईत उरकतात, खरं काम तिथेच असतं. असं करत करत दंड, कपाळ, जबडा, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या. जेकबसनची मूळ पद्धत महिनोन्महिने चालायची, पुढे मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पेने ती आटोपशीर केली म्हणून ती आपल्या आवाक्यात आली, पंधरा-वीस मिनिटांत होते.

श्वासाचं दार त्याहून सोपं. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात, नाडीवर बोट ठेवून बसलात तर स्वतःलाच जाणवेल. सोडताना व्हेगस नावाचा लांबलचक मज्जातंतू हृदयाला ब्रेक लावत असतो. म्हणून श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवायचं, आणि मिनिटाला साधारण सहा श्वास झाले तर हृदय आणि रक्तदाबाची आतली लय एकमेकांशी जुळते. आपल्याकडे हे नवीन नाही म्हणा, लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं ते योगाचा परिणाम प्रयोगशाळेत मोजायलाच. हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सनने १९७५ मध्ये सांगितलं की एखादा शब्द परत परत म्हणायचा आणि मधे विचार आले तर त्यांच्याशी झटापट न करता परत शब्दाकडे यायचं, एवढ्यानेही शरीराचा ऑक्सिजनचा खप आणि ठोके खाली येतात. शब्द कुठलाही चालतो. पंचवटीतल्या एखाद्या आजी रामनामाची माळ ओढत बसतात त्यांना हे सांगायला गेलात तर त्या तुमच्याकडे बघून हसतील.

मग संमोहन यात कुठे आलं? संमोहन म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो स्टेजवरचा माणूस, कोट घातलेला, टिचकी वाजवतो आणि लोक कांदा सफरचंद समजून खातात. त्यातली गोम अशी की तो आधी सगळ्या प्रेक्षकांना बोटं गुंफायला सांगतो, 'आता सुटणार नाहीत' म्हणतो, आणि ज्यांची खरंच सुटत नाहीत त्यांनाच वर बोलावतो. म्हणजे निवड आधीच झालेली असते. शिवाय चारशे लोकांसमोर वर गेल्यावर सहकार्य न करणं कोणालाही अवघडच जातं.

इतिहासही मजेशीर आहे. पॅरिसमध्ये मेस्मर नावाचा डॉक्टर म्हणायचा की माझ्या हातातून चुंबकी प्रवाह जातो. १७८४ मध्ये राजाने चौकशी समिती नेमली, त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते, आणि त्यांनी निष्कर्ष काढला की प्रवाह वगैरे काही नाही, परिणाम होतो तो कल्पनेचा. मेस्मरची वाट लागली, पण कल्पनेने एवढा परिणाम होतो ही खरी बातमी होती ती बाजूलाच पडली. बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल नावाच्या सर्जनने १८४५ पासून याच पद्धतीने गुंगी आणून मोठमोठी ऑपरेशनं केली, पण १८४६ मध्ये बोस्टनला भूल द्यायला ईथर आलं आणि तो विषय मागे पडला, साहजिकच आहे, ईथर सगळ्यांवर चालतं. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडने १८४३ च्या पुस्तकात यातलं गूढ काढून टाकलं, म्हणाला हे एकाग्र लक्षाचं काम आहे, समोरच्याच्या शक्तीचं नाही. तो स्वतःवरही ते वापरायचा.

बर्लिनच्या योहानेस शुल्ट्झ या डॉक्टरने पुढची पायरी गाठली. संमोहित लोक एकच सांगतात, अंग जड वाटलं आणि उबदार वाटलं, हे त्याच्या ध्यानात आलं. जड म्हणजे स्नायू सैल, उबदार म्हणजे रक्तवाहिन्या पसरल्या. मग संमोहन करणाऱ्या डॉक्टरचीच गरज काय, माणसाने स्वतःलाच म्हणावं की माझा उजवा हात जड झालाय, उजवा हात गरम झालाय. १९३२ मध्ये त्याने हे ऑटोजेनिक ट्रेनिंग छापलं. (हा माणूस नाझींच्या राजवटीत त्यांच्या बाजूने राहिला, ते विसरायचं कारण नाही. पद्धत पुढे इतर अनेकांनी तपासली म्हणून ती घ्यायची.) यात मेख अशी आहे की हात जड हो असा हुकूम सोडायचा नाही, नुसतं म्हणायचं आणि काय होतंय ते बघायचं. जोर लावलात की झालाच ताण.

मेंदूत काय होतं? ही झोप नाही, मेंदूच्या लहरी जागेपणाच्याच असतात. २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांच्या टीमने ५७ जणांचे मेंदू स्कॅन केले. ज्यांना संमोहन सहज लागतं अशा लोकांत 'आता काय बघू, कशाची काळजी करू' ठरवणाऱ्या भागाची हालचाल कमी झाली, आणि नियोजन करणारा भाग व शरीराची आतली खबर ठेवणारा भाग यांचं कनेक्शन वाढलं. म्हणजे खांदे खाली येतायत हे वाक्य खांद्यांपर्यंत पोचायला वाट जरा मोकळी होते.

सगळ्यांना सारखं जमत नाही हेही खरं. १९५९ पासून यासाठी स्टॅनफर्डची मोजपट्टी आहे. साधारण दहा-पंधरा टक्के लोकांना खूप सहज लागतं, जवळपास तेवढ्यांना जवळजवळ लागतच नाही, बाकी आपण सगळे मधले. हा गुण पंचवीस वर्षांनी परत तपासला तरी बराचसा तसाच निघाला. तुम्हाला नाही लागलं तर इच्छाशक्ती कमी वगैरे काही नाही, स्नायू आणि श्वासाचं दार आहेच, आणि साध्या रिलॅक्सेशनपेक्षा स्वसंमोहन दरवेळी सरस ठरतं असाही पुरावा नाही.

करायचं कसं तर खुर्चीत बसा, पाठीला आधार. डोळ्यांच्या पातळीच्या थोडं वर भिंतीवर एखादा ठिपका पकडा, बघत राहा, पापण्या दमल्या की मिटू द्या. चार-पाच लांब श्वास सोडा. डोक्यापासून पायापर्यंत एकेक भाग सैल. मग पायऱ्या उतरण्याचं चित्र, हे जवळपास सगळेच वापरतात, नाशिककराला ते शोधायला लांब जायला नको, पांडवलेणीच्या पायऱ्या आहेतच. वर थंड लेणं, पायाखाली दगड, खाली हायवेवरच्या ट्रकचा आवाज, आणि एकेका पायरीला खांदे थोडे आणखी खाली. शेवटच्या पायरीवर स्वतःला सांगायचं वाक्य. इथे माझं स्पष्ट मत आहे की 'मी अत्यंत शांत आहे' हे वाक्य बेकार, कारण आतला माणूस लगेच म्हणतो, खोटं. जे खरंच होतंय ते सांगा, 'श्वास लांब होतोय', 'जबडा सुटलाय', आणि मग हळूच पुढचं, 'उद्या साहेब ओरडला की आधी श्वास सोडेन'. पुस्तकी मराठी नको, घरात बोलता तसंच बोला. त्या वेळी अंगठा आणि तर्जनी जुळवून ठेवा, रोज तसंच केलं की काही आठवड्यांनी नुसती बोटं जुळवली तरी शरीराला खूण पटायला लागते. शेवटी पाच ते एक उलटं मोजून डोळे उघडा, हातपाय ताणा.

रोज, आणि बरं वाटत असताना, यावर मी अडून बसेन. लोक अ‍ॅटॅक आल्यासारखं झाल्यावर पहिल्यांदा श्वास मोजायला घेतात, जमत नाही, आणि म्हणतात हे सगळं फालतू आहे. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पुराचं पाणी लागल्यावर कोणी पोहायला शिकायला गंगेत उतरत नाही. अंबड-सातपूरला शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी घड्याळाची वेळ धरू नये, ड्युटीवरून आल्यावर अंघोळ आणि त्यानंतर, असं कशाला तरी बांधून घ्यावं म्हणजे शिफ्ट बदलली तरी चालतं. जेवणानंतर लगेच केलं तर झोप लागते, लागली तर लागू द्या, पण मग तो सराव धरू नका.

उपयोग कुठे पक्का दिसलाय म्हणाल तर ऑपरेशनआधीची धास्ती, वेदना, आणि सतत बिघडणारं पोट. १९८४ मध्ये मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी इरिटेबल बॉवेलच्या ३० रुग्णांवर संमोहनाचा प्रयोग केला, संमोहनवाल्या गटाला स्पष्ट फरक पडला, आणि आज त्या आजारात हा मान्य उपचार आहे. बीपीची गोळी मात्र यामुळे बंद करायची नाही, कमी करायची असेल तर डॉक्टर करतील.

काही जणांना सैल झाल्यावर उलट घाबरल्यासारखं होतं, छातीत धडधडतं, ते वेडेपण नाही, माहीत असलेला प्रकार आहे, अशांनी डोळे उघडे ठेवून दोन-तीन मिनिटंच करावं, नुसत्या हातांपुरतं. भास होण्याचा आजार असेल, किंवा जुना मोठा धक्का मनात असेल, तर एकट्याने चित्रं डोळ्यासमोर आणायच्या भानगडीत पडू नये, आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारावं. जीव नकोसा वाटत असेल तर रिलॅक्सेशन करत बसू नका, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. आणि कसाऱ्याचा घाट चढताना गाडीत 'डोळे मिटा, पापण्या जड होतायत'वाला ऑडिओ लावू नका.